टेप लावणारा उंदीर

वायरिंगमधला दोष शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी गेल्या वर्षीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. का सांगू नये? बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. फळ्यावर बॅटरी काढायची, बल्ब काढायचा, दोघांमध्ये रेघ ओढायची आणि म्हणायचं, "मुलांनो, वीज इथून निघते, तिथे जाते आणि परत येते. वाटेत जिथे अडली, तिथे दोष!" बावीस वर्षांत फळ्यावरचा माझा एकही बल्ब गेलेला नाही. त्यामुळे सासऱ्यांची गाडी बंद पडली तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला, हे आधीच कबूल करतो.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो आणि सासूबाईंना माई. ते दोघं खालच्या मजल्यावर राहतात. मी, बायको आणि आमची सोळा वर्षांची लेक वरच्या मजल्यावर. अप्पांनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात वायरी जोडल्या. साहजिकच घरातला पंखा, दारावरची घंटा, मिक्सर, सगळी खाती त्यांच्याकडे. इथे राहायला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत मला त्यांनी फक्त स्टूल धरू दिलं. "जावईबापू, घट्ट धरा हं!" एवढाच माझा या घरातल्या विजेशी संबंध.

गाडीचं तर विचारूच नका. वय वर्षं तेहतीस, रंग सायीसारखा, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. या घरातलं प्रत्येक पोर मोठ्या परीक्षेच्या पहिल्या पेपरला याच गाडीतून गेलं. गाडी अप्पांनी चालवायची, पोराने त्यांच्याशेजारी बसायचं आणि माईंनी मागून देवाचं नाव घ्यायचं. माझी बायको गेली, मेहुणा गेला. मेहुणा नापास झाला, पण गेला गाडीतूनच! आता पाळी लेकीची. तिचा पहिला पेपर सोमवारी. "तुला मीच सोडणार," हा शब्द अप्पांनी तिला ती दुपट्यात होती तेव्हापासून दिलेला.

आणि आदल्या मंगळवारी अप्पा वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गाडी सुरू होत नाहीये. वायरिंग गेलं असणार. जुनं झालंय सगळं. राहू दे, पोरीला टॅक्सीने पाठवू."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. "पण आजोबा, तुम्ही म्हणाला होतात..."

मी ताडकन उभा राहिलो. "अप्पा, काळजीच सोडा! रविवारपर्यंत गाडी ठणठणीत करून तुमच्या हातात देतो. सोमवारी तुम्ही चालवा!"

"अहो, कशाला उगीच त्रास?"

"त्रास कसला? वीज इथून निघते, तिथे जाते..."

"परत येते," बायको म्हणाली. "माहितीये. तुम्ही आधी आपल्या बेसिनचा नळ बघा."

अप्पा उठून खाली निघून गेले. मला वाटलं, भिडस्त माणूस! जावयाला राबवायचं जिवावर आलं असेल.

बुधवारी शाळेतून आल्या आल्या मी बॉनेट उघडलं. दोष चार मिनिटांत सापडला! बॅटरीची जाड वायर ज्या नटाने आवळलेली असते, तो नट इतका सैल होता की नुसत्या बोटाने फिरत होता. मी पाना लावून आवळला आणि किल्ली फिरवली. गाडी खाकरली, शिंकली आणि सुरू झाली! लेक अंगणात नाचायला लागली. खिडकीत उभे असलेले अप्पा म्हणाले, "अरे वा." दाताच्या डॉक्टरने 'चला, आत्ताच काढून टाकू' म्हटल्यावर माणूस जसं म्हणतो ना, अगदी तसं.

माई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. त्यातला अर्धा कुंडीत सांडला.

"सुरू झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली!"

"आणि बंद कशी होते?"

"माई, किल्ली उलटी फिरवायची!" मी हसत हसत म्हणालो. सासूबाईंना तांत्रिक गोष्टी समजावून सांगण्यात एक वेगळंच सुख असतं.

गुरुवारी मी घरी आलो, तर फाटकातच अप्पा उभे. "जावईबापू, पुन्हा बंद!" त्यांच्या आवाजात मला थोडा उत्साह वाटला, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं. या वेळी इंजिन घरघरत होतं, पण पेट घेत नव्हतं. म्हटलं, आता वरवरचं बघून चालायचं नाही. एकेक वायर काढून तपासायची! अडचण एवढीच होती की प्रत्येक वायरीला अप्पांनी दोऱ्याने एक कागदी चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर बारीक अक्षरात आकडा. खात्यातली सवय. अशा सत्तावीस चिठ्ठ्या सारख्या हातात येत होत्या. मी त्या सोडवून शर्टाच्या खिशात ठेवल्या. कपड्यांना काळं लागू नये म्हणून शर्ट काढून आत ठेवला. बायकोने तो नेहमीच्या तत्परतेने धुवायला टाकला! सत्तावीस चिठ्ठ्यांचा जो लगदा बाहेर आला, त्यात एकही आकडा ओळखू येत नव्हता.

मी डगमगलो नाही. एका वायरीच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. ती ओरबाडून काढली, वायर रिकाम्या जागी खोचली. बाकीच्या स्मरणाने जोडल्या. किल्ली फिरवली. गाडी सुरू!

मी विजयी मुद्रेने गल्लीतून एक फेरी मारायला निघालो. कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. पुन्हा दाबला, पुन्हा वाजला! समोर चालणारे एक गृहस्थ दचकून बाजूला झाले. मी सौजन्याने थांबलो, म्हणजे अर्थातच ब्रेक दाबून थांबलो आणि त्यामुळे त्यांच्या कानाशी अखंड हॉर्न देत राहिलो. "अहो, बाजूला झालोय ना! आता काय भिंतीत शिरू?" ते ओरडले. त्यांना हात दाखवून वळावं म्हणून डावा दिवा लावला, तर वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर कर्रर्र कर्रर्र करत मी परत आलो. फाटकात ब्रेक दाबल्यामुळे अख्ख्या गल्लीला कळलं की मी आलोय.

"किरकोळ आहे," मी जाहीर केलं. "उद्या करतो."

शुक्रवारी गाडी पुन्हा ठार. हॉर्नसुद्धा नाही! या वेळी तर फ्यूजच्या डबीतला मुख्य फ्यूजच गायब होता. जळलेला नव्हे, गायब! आणि डबी आतून लख्ख पुसलेली. मी नवा फ्यूज आणून बसवला, गाडी सुरू करून पाहिली आणि रात्रीच्या जेवणात निष्कर्ष मांडला.

"उंदीर!"

"उंदीर फ्यूज पळवतो?" बायकोने विचारलं.

"चकचकीत वस्तूंचं आकर्षण असतं त्यांना."

"ते कावळ्यांना."

"आणि डबी पुसली कुणी?" लेक म्हणाली.

"शेपटीने," मी म्हणालो. अप्पा आणि माई दोघंही ताटात बघून जेवत होते. मला वाटलं, उंदराचं नाव काढल्यामुळे अन्नावरची वासना उडाली असेल. मी त्यांना धीर दिला. "घाबरू नका! आज दोन सापळे लावतोय. एक फ्यूजच्या डबीपाशी, एक इंजिनाजवळच्या वायरींपाशी. वरून फडकं टाकतो, म्हणजे चोराला संशय यायला नको."

तुम्ही म्हणाल, दोघांनाही ऐकू गेलं होतं, मग सावध नको का राहायला? त्याचं असं आहे की अकरा वर्षांत मी जेवताना जे जे करीन म्हणालो, त्यातलं काहीच केलेलं नव्हतं. पण या वेळी मी खरोखरच केलं!

शनिवारी अर्धा दिवस शाळा. दुपारी आलो तर माईंच्या तर्जनीला चिंधी बांधलेली.

"काय झालं माई?"

"सुरी लागली."

संध्याकाळी चहाला बसलो, तर अप्पांच्या तर्जनीलाही चिंधी.

"अप्पा, तुम्हाला?"

"दाढी करताना."

मी हळहळलो. म्हटलं, वय झालं की हात थरथरतात. मग चहा संपवून सापळे बघायला गेलो. दोन्ही सापळे उडालेले आणि उंदीर एकाही सापळ्यात नाही! फ्यूज पुन्हा गायब, डबी पुन्हा लख्ख. मी दिवा धरून आत वाकलो आणि तसाच वाकलेला राहिलो.

मी चुकीच्या जोडलेल्या सगळ्या वायरी आपापल्या जागी बसल्या होत्या. प्रत्येकीला नवी चिठ्ठी बांधलेली, बारीक अक्षरात आकडा, एक ते सत्तावीस. फक्त एक वायर काढून मागे वळवून ठेवलेली. तिच्या उघड्या टोकाला काळी टेप, आणि त्या टेपचं शेवटचं टोक नखभर दुमडलेलं. पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून अप्पा प्रत्येक टेप अशीच दुमडतात. स्टूल धरून अकरा वर्षं मी हेच बघत आलो होतो. वायर कुरतडणारे उंदीर जगात पुष्कळ असतील, पण तिला टेप लावणारा उंदीर आमच्याच घरात होता. आणि दाढी करताना बोट कापायला बोटाला दाढी असावी लागते, हेही मला तेव्हाच सुचलं. विज्ञान शिकवतो मी!

मागे पावलं वाजली. अप्पा होते. ते गाडीचं दार उघडून चाकामागे बसले. मी शेजारी जाऊन बसलो. दोन्ही दारं तिजोरीसारखी बंद झाली.

"बोट फार दुखतंय का?" मी विचारलं.

"सापळा चांगल्यापैकी आहे," अप्पा म्हणाले. मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. "मागच्या सोमवारी एकटाच गाडी घेऊन गेलो होतो. दुधाच्या दुकानाच्या वळणावर एक सायकलवाला आला. मला दिसलाच नाही. तो पुढे निघून गेला, तेव्हा दिसला. त्याला काही झालं नाही. त्याला कळलंही नसेल. मी घरी आलो आणि बॅटरीचा नट सैल केला."

"मला सांगायचंत की!"

"काय सांगायचं? पोरीला शब्द दिलाय. तिला शेजारी बसवून मी गाडी चालवणार आणि मला दिसणार नाही! आणि दिसत नाही असं सांगितलं, तर उद्यापासून सगळे माझा हात धरून मला जिना उतरवणार. गाडीला दिसत नाही असं कुणी म्हणत नाही हो. गाडी आपली बंद पडते. म्हटलं, तिच्यावर ढकलावं." ते जरासे हसले. "तर तुम्ही रोज दुरुस्त करत सुटलात! मी काढावं, तुम्ही जोडावं. गुरुवारी तो हॉर्न ऐकला, तेव्हा मात्र राहवेना. म्हटलं, बंदच ठेवायची तर निदान नीट जोडलेली असू दे."

मला खरंच फार वाईट वाटलं. चार दिवस मी या माणसाला एकेक वायर जोडत कोपऱ्यात रेटत होतो, आणि वर त्याच्याकडून शाबासकीची अपेक्षा धरून बसलो होतो.

"आणि फ्यूज काढून डबी का पुसलीत?" मी विचारलं.

"फ्यूज मी नाही काढला."

"मग?"

"उंदीर असेल," अप्पा म्हणाले. "एकच करा, जावईबापू. माईला यातलं काही कळू देऊ नका. गेली तेहतीस वर्षं ती डोळे मिटून माझ्या गाडीत बसते."

रविवारी सकाळी अप्पा फिरायला गेले, तशी माईंनी मला खाली हाक मारली. त्यांच्या पुढ्यात बटणांचा डबा होता. त्यातून त्यांनी दोन फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"हे घ्या तुमचे. अजून आणलेत तर तेही काढीन. आधीच सांगते."

"माई, तुम्ही!"

"मग काय करू? यांना लांबचं दिसत नाही नीट. दोन वर्षं झाली. मी मागे बसते ती देवाचं नाव घ्यायला नाही. 'अहो, डावीकडे ट्रक आहे, केवढा मोठा!' 'अहो, ती बाई बघा, लाल छत्री किती छान!' अशा गप्पा मारत आणते यांना घरी. आमच्या दोघांचं काही नाही हो. पण उद्या पोर असणार शेजारी." माईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "पाया पडते, यांना कळू देऊ नका. मला कळलंय हे कळलं, तर खचतील."

मी फ्यूज खिशात टाकले आणि जिन्यात जाऊन बसलो. यांचं त्यांना सांगायचं नाही, त्यांचं यांना सांगायचं नाही. लेकीला शब्द पाहिजे, बायकोला गाडी पाहिजे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शोधायला गेलेला दोष मला खरोखर सापडला होता. तो कुणाला दाखवायची सोय नव्हती!

तेवढ्यात बायको फाटकातून आत आली. बरोबर गाड्यांचं वायरिंग करणारा मिस्तरी. "तुमच्याच्याने होत नाहीये, म्हणून यांना घेऊन आले," ती म्हणाली. मागोमाग लेक, फिरून आलेले अप्पा, दारात माई. सगळं न्यायालय जमलं.

मिस्तरीने बॉनेट उघडलं, दिवा मारला, दुमडलेल्या टेपकडे बघितलं, रिकाम्या डबीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. "अहो, हे तर कुणीतरी..."

मी झटकन त्याच्या शेजारी वाकलो. दोघांची डोकी बॉनेटखाली. "मिस्तरी, हळू! गाडी म्हाताऱ्यांची आहे. त्यांना दिसत नाही. गाडी बंदच राहायला हवी, पण का ते कुणाला कळता कामा नये."

मिस्तरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आमच्या वडिलांच्या स्कूटरचा कार्बोरेटर दोन वर्षं माझ्या दुकानात दुरुस्तीला पडलाय, साहेब. रोज विचारतात. रोज सांगतो, उद्या." मग त्याने डोकं बाहेर काढलं, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वायरिंग कामातून गेलं! या मॉडेलचं आता मिळतही नाही. तशी चालली असती अजून, पण कुणी अडाण्याने हात घातलाय हो यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढं नव्हतं ठरलं!

"मीच," मी म्हणालो.

"वाटलंच मला!" बायको म्हणाली. "तेहतीस वर्षं चालली गाडी. यांनी चार दिवसांत संपवली!"

"बाबा, का हो केलंत?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याने मात्र मला आतून हलवलं. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. तेवढ्यात अप्पा पुढे झाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडतेस काय! गाडीतून सोडीन असं कुठे म्हणालो होतो? मी सोडणार म्हणालो होतो. सोडणार!"

सोमवारी सकाळी दारात टॅक्सी आली. अप्पा ड्रायव्हरशेजारी बसले. मागे माई, मधे लेक आणि कडेला मी, अपराध्यासारखा अंग चोरून. दुधाच्या दुकानाचं वळण आलं आणि माई सवयीने म्हणाल्या, "अहो, डावीकडून सायकलवाला येतोय. पिवळा शर्ट किती छान!"

"दिसला, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही निवांत बसा."

"बोलू द्या हो तिला," अप्पा मागे न वळता म्हणाले. "दोन वर्षं गाडी तीच चालवत होती. मी नुसता चाक धरून बसायचो."

आपल्या चिंधी बांधलेल्या बोटाने माईंनी अप्पांच्या खांद्यावर हलकेच टोचलं. "आणि बोटाची दाढी कधीपासून करता हो?"

"तू गाडीत सुरी चालवायला लागलीस तेव्हापासून."

दोघंही हसायला लागले. लेकही हसायला लागली. काही कळलं म्हणून नव्हे, ते दोघं हसत होते म्हणून. परीक्षा केंद्राच्या दारात अप्पांनी तिला खाली उतरवलं, शाई भरलेली दोन पेनं तपासून हातात दिली आणि ती आत दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले. ती केव्हा दिसेनाशी झाली, ते माईंनी त्यांना सांगितलं.

मी टॅक्सीत बसून होतो. दोघांची दोन गुपितं दोन खिशांत सांभाळत मी सगळ्या घराची बोलणी खाल्ली होती, आणि या दोघांनी ती एका वळणावर मोकळी करून टाकली!

"मग आता घरी सांगूया ना खरं काय ते?" परतताना मी आशेने विचारलं.

"छे छे!" दोघं एकदम म्हणाले. "बाकीच्यांना कशाला?"

याला आता आठ महिने झाले. लेक पास झाली. गाडी अंगणातच आहे. दर रविवारी मी आणि अप्पा बॉनेट उघडतो आणि दोष शोधतो. ते वायरींवरच्या चिठ्ठ्या बदलतात, मी दिवा धरतो. गल्लीतले लोक विचारतात, "सापडला का?" आम्ही म्हणतो, "छे!"

परवा आमच्या घरातली इस्त्री बंद पडली. मी टेस्टर घेऊन उठलो.

"खाली बसा!" बायको म्हणाली. "हात लावायचा नाही. आपल्या गाडीचं काय झालं ते पाहिलंय मी. मिस्तरीला फोन करते."

मी खाली बसलो. बसल्या जागेवरून मला दिसत होतं, की भिंतीवरचं बटणच बंद आहे. पण मी काही बोललो नाही. हल्ली मला सवय झालीय.